कपबशीची चाल

सरकारी नोकरानं छंद जरूर बाळगावा, पण तो दाराला आतून कडी लावून बाळगावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मी कोणत्या खात्यात आहे ते सांगत नाही. खात्याची बदनामी होईल म्हणून नव्हे. मी त्यांच्याकडे आहे हे खात्याला फारसं आठवत नाही, ते तसंच राहावं म्हणून.

झालं असं की, देऊळगाव राजातल्या आमच्या वाचनालयानं कागदी बुद्धिबळाची स्पर्धा काढली. अध्यक्ष वामनराव म्हणाले, "वाचायला कोणी येत नाही, निदान खेळायला तरी येतील." विषय ठेवला 'आपलं गाव'. सोंगट्या कागदाच्या, कल्पना आपली. सहसचिव या नात्यानं मी बैठकीत उभा राहिलो आणि बोलून गेलो, "बाकीच्यांचं बाकीचे बघतील, पण मी असं बुद्धिबळ करीन की बुलढाण्याहून लोक बघायला येतील."

लोक आले. आचारसंहिता पथकाची गाडी आणि व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले. पण ते पुढं.

घरी येऊन ही बातमी दिली तेव्हा आमच्या सौभाग्यवती, पुष्पांजली, दहावीचे भूमितीचे पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कात्री कुठं ठेवलेली असते, माहीत आहे का तुम्हाला?" मी दुर्लक्ष केलं. कलावंताला सुरुवातीला घरातूनच विरोध होतो.

पहिला प्रश्न राजाचा. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं काय आहे? देऊळगाव राजाचा राजा म्हणजे बालाजी. हे मी अंगणात मोठ्यानं बोललो. शेजारच्या मनकर्णाबाईंना कमी ऐकू येतं, पण ते फक्त त्यांना काही मागितलं तर. त्या भिंतीवरून म्हणाल्या, "काऊन रे भागवत, देवाले मात देतं का? पोट्टे देवाले कोपऱ्यात कोंडतीन अन् वरतून 'हरला, हरला' म्हनून नाचतीन. मंग गावावर कोप झाला तं तू निस्तरशीन का?"

मी हादरलो. मुद्दा बिनतोड होता. गल्लीतली बाकीची मंडळीही तोपर्यंत जमली होती. कुणी म्हणालं राजा आमदार करा, तर त्यावर दुसऱ्यानं विचारलं, आजी का माजी? शेवटी हैदरभाई पुढं झाले. हैदरभाईंचा कोपऱ्यावर छापखाना आहे आणि गावातल्या निम्म्या लग्नांना त्यांच्या पत्रिकेपासून सुरुवात झालेली आहे. ते म्हणाले, "भाऊ, मानसं करूच नका. मानूस नाराज होते. चीज-वस्तू करा. वस्तू कधी नाराज नाही होत."

वस्तू नाराज होत नाहीत हे खरं. पण वस्तूंमुळे माणसं किती नाराज होतात, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

मला कल्पना सुचली ती बसस्टँडवर, जालन्याच्या गाडीची वाट बघताना. स्वतःच्या कल्पनेचं कौतुक करू नये, पण बघा. स्टँडात शिरणारी बस दोन घरं सरळ येते आणि मग एकदम आडवी वळते. घोडा! ऑटोरिक्षा जन्मात कधी सरळ गेलेली नाही. उंट! कापसानं भरलेला ट्रक नाकासमोर चालतो आणि कुणाला जुमानत नाही. हत्ती! कंट्रोलरच्या खिडकीवरचा भोंगा सगळीकडे पोचतो. वजीर! राजा म्हणजे पिशवी घेतलेला प्रवासी, इकडं-तिकडं बघत एकेक पाऊल टाकणारा. आणि प्यादी? टपरीवरून निघालेल्या चहाच्या कपबश्या. पुढंच जातात, मागं परत येत नाहीत.

त्या आनंदात माझी जालन्याची गाडी चुकली.

हैदरभाईंनी उरलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद दिला. एक रंग मोतिया, एक डाळिंबी. "एक मुलाकडचे, एक मुलीकडचे," ते म्हणाले, "झगडा तो होनाच है." कात्री मी धरली, पण कपाचा कान मला काही केल्या जमेना. माझा कप कान लावला की गडूसारखा दिसे. शेवटी पुष्पांजलीनं पेपर बाजूला सारले, कंपास काढला आणि शंकू, वर्तुळ, पट्टी अशी भूमिती लावून पहिली कपबशी उभी केली. मग दुसरी. मग तिला थांबवणं अवघड झालं. चिकटवायला गव्हाची खळ केली, तर उंदरानं एका रात्रीत भोंगा खाल्ला. नवा केला, डिंकानं चिकटवला. पंखा लावला की ट्रक उडून जात, म्हणून सगळ्यांच्या बुडात चिंचोके भरले. महिनाभर आमच्या घरात कुणी मोठ्यानं शिंकलं नाही.

पहिला नंबर आला. खोटं कशाला बोला, उरलेल्या दोन स्पर्धकांपैकी एकाचा हत्ती भिजला होता. वामनरावांनी माझं बुद्धिबळ वाचनालयाच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात मांडलं, आत दिवा लावला आणि खाली ठळक अक्षरात माझं नाव व हुद्दा लिहिला. हुद्दा लिहू नका असं मी म्हणालो होतो. पण फार हळू म्हणालो होतो.

त्यानंतर आठवड्याभरात नगरपरिषदेच्या निवडणुकीची चिन्हं वाटली गेली.

आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव. समोरच्या घरातल्या कोकिळाताई अपक्ष उभ्या होत्या. त्या संध्याकाळी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, उपकार झाले हो तुमचे! मले कपबशी भेटली. अन् तुम्ही तं आधीच भर चौकात मांडून ठेवली!"

पेढा माझ्या घशात अडकला. तो अजून पूर्ण उतरला आहे असं मला वाटत नाही.

कोकिळाताईंच्या विरोधात मागच्या गल्लीतल्या गजेंद्रची बायको उभी होती. तिचं चिन्ह शिलाई मशीन. पण ती फक्त उभी होती. चालणं, बोलणं, ओरडणं हे सगळं गजेंद्र करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर त्यानं टाकलेला फोटो होता. माझं काचेचं कपाट, माझ्या कपबश्या, माझं नाव, माझा हुद्दा. खाली मजकूर: 'सरकारी कर्मचारी कोणाचा प्रचार करून राह्यले? जनता पाहून राह्यली!'

कार्यालयात गेलो तर माझ्या टेबलाशी गप्पा मारणारे लोक अचानक कामाला लागले. आमच्याकडे माणसं कामाला लागली की समजावं, कुणाचं तरी काही खरं नाही. आमचे मुख्य लिपिक, बडे बाबू, माझ्या जवळ येऊन कुजबुजले, "गेल्या खेपेला एकानं नुसता नारळ फोडला होता. दुकानाचं उद्घाटन होतं बिचाऱ्याच्या मेहुण्याचं. निघाला नारळ कोणाचंतरी चिन्ह. निलंबन!" आणि माझ्या पाठीवर हात ठेवून ते असे निघून गेले, जसे लोक दवाखान्यातून निघतात.

मी ठरवलं, प्यादीच बदलून टाकायची. चिन्हांचा मोठा फलक निवडणूक कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला होता. तिथं जाऊन उभा राहिलो. कपबशीऐवजी छत्री करावी? होती. शिट्टी? होती. कढई, टोपली, बादली, सगळं होतं. संसारात लागणारी एकही वस्तू त्या फलकानं सोडली नव्हती. आणि मग माझी नजर खालच्या रांगेकडे गेली. ऑटोरिक्षा. ट्रक. बस. भोंगासुद्धा. मी बुद्धिबळ केलंच नव्हतं, मी अख्खी निवडणूक कापून-चिकटवून काचेत ठेवली होती. फलकावर नव्हता तो फक्त पिशवी घेतलेला प्रवासी. त्याची अवस्था मला आता आतून कळत होती.

बाहेर बसलेल्या शिपायानं सल्ला दिला, "साहेब, बदलू नका. झाका. आचारसंहितेत सगळे झाकतेतच."

झाकायचं! किती सोपं! मी धावत छापखान्यात गेलो. हैदरभाई घाईत होते, त्यांनी कापणीतून उरलेल्या पातळ कागदांचा गठ्ठा दिला. पांढरेशुभ्र. मी प्रत्येक कपबशीवर एकेक उभी टोपी बसवली, कपाट बंद केलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

अंधार पडल्यावर वामनरावांनी कपाटातला दिवा लावला.

कागद बाहेरून पांढरे होते. आतून छापलेले होते, घाईत मी ते पाहिलंच नव्हतं. ती गजेंद्रच्या बायकोची बिघडलेली पत्रकं होती. दिवा लागताच प्रत्येक टोपीतून एकेक शिलाई मशीन झळकू लागली, जणू सोळा मशीनवाल्यांनी मिळून कपबशीला गाडून टाकलं होतं. कोकिळाताई बाजारातून परत येताना नेमक्या तिथंच थबकल्या.

"भाऊ!" त्या माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, आणि या वेळी हातात पेढे नव्हते. "समोरासमोर राहून असा दगा? माह्या कपबशीवर तिची मशीन ठेवता? आता मीबी तक्रार करतो!"

"ताई, ते कागद हैदरभाईंनी..."

"मले कोणाचं नाव सांगू नका!"

हैदरभाई कपाळावर हात मारून घेत आले. "भाऊ, माफ करा. मी तं दोघींचेबी छापून राह्यलो. मले दोन्ही गिऱ्हाईक सारखे. तुम्हाले देताना उलटून पाह्यलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाशी पथकाची गाडी थांबली. एकानं कॅमेरा धरला, एकानं पंचनामा केला. 'कागदी कपबशी, नग सोळा, पैकी एकीचा कान तुटलेला.' माझ्या कलेचं एवढं बारकाईनं परीक्षण स्पर्धेच्या परीक्षकांनीही केलं नव्हतं. पट, सोंगट्या, टोप्या, सगळं खोक्यात गेलं. खोक्याला मोहर लागली आणि माझ्या हातात नोटीस आली: उद्या सकाळी समक्ष हजर राहून खुलासा करावा, की आपल्यावर शिस्तभंगाची कारवाई का करू नये.

त्या संध्याकाळी गल्ली आमच्या घरी लोटली. अंत्ययात्रेला येतात तशी, पण चहा पिऊन जाणारी. पुष्पांजलीनं चहा पेल्यांतून दिला. कुणी सांगितलं, रडा. कुणी सांगितलं, अजिबात रडू नका, रडणं म्हणजे कबुली. मनकर्णाबाई म्हणाल्या, "म्या तं आधीच म्हनलं होतं, देव रागावते." मी म्हणालो, देव घेतलाच नाही ना शेवटी! त्या म्हणाल्या, "म्हनून रागावला असंन."

सगळे गेल्यावर मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. निलंबन झालं तर काय, हा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि तोच करत बसलो. पुष्पांजलीनं तिची साडी माझ्या शर्टाशेजारी ठेवली.

"तू कुठं?"

"कप मी कापलेत," ती म्हणाली. "तुमचे तर गडू झाले होते. तिथं कुणी विचारलं, करून दाखवा, तर काय कराल?"

निवडणूक अधिकारी म्हणून आलेल्या मॅडम तरुण होत्या, बाहेरच्या जिल्ह्यातल्या. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही असा चेहरा. टेबलाच्या एका बाजूला गजेंद्र, दुसऱ्या बाजूला कोकिळाताई, मधे मोहर लावलेलं खोकं आणि त्यापुढं मी. दाराशी पुष्पांजली. कॅमेरा चालू होता.

"दोन तक्रारी आहेत," मॅडम म्हणाल्या. "एक म्हणते, तुम्ही कपबशीचा प्रचार केला. दुसरी म्हणते, शिलाई मशीनचा केला. नक्की कुणाचा केला?"

"मॅडम, हे बुद्धिबळ आहे." माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी येत होता.

गजेंद्र उसळला. "कायचं बुद्धिबळ? हत्ती नाही, घोडा नाही, उंट नाही! मॅडम, हे सगळं नाटक आहे. यानं कोनी खेळूच शकत नाही. हे प्रचाराचं साहित्य आहे, लिहून घ्या!"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मग खोक्याकडं. "मोहर तोडा," त्या म्हणाल्या. "भागवत, खेळून दाखवा."

"कोणाशी?"

त्यांनी टेबलावरच्या फायली एका हातानं बाजूला सारल्या. "माझ्याशी."

मी आयुष्यात अनेक वरिष्ठांशी अनेक बाबतींत हरलो आहे. हरणं हा माझ्या नोकरीचा भागच आहे. पण इथं पंचाईत वेगळी होती. मुद्दाम हरलो तर गजेंद्र म्हणणार, बघा, याला खेळताच येत नाही. जिंकलो, तर जिच्या हातात माझी नोकरी, तिलाच मात!

मॅडमनी मोतिया घेतल्या, मी डाळिंबी. दोन-तीन चालींतच कळलं की बाई खेळलेल्या आहेत. त्यांचा ट्रक माझ्या दोन कपबश्या उडवून गेला. "उडवली!" गजेंद्र खूश झाला. मग माझ्या रिक्षानं त्यांची उडवली. "हीपन उडवली!" तो आणखी खूश. त्याला काय, दोन्हीकडं कपबश्याच होत्या. कोकिळाताईंचा चेहरा मात्र पडत चालला. भोंग्याला भोंगा गेला. बाहेर लोक गोळा झाले होते. खिडकीत हैदरभाई दिसत होते, त्यांच्या ओठांवर दुआ होती, कुणासाठी ते कळत नव्हतं. माझ्या घामानं कागदाची बस मऊ पडायला लागली, म्हणून मी ती चिमटीत धरून चालवत होतो.

आणि मग ती वेळ आली. पटावर फार काही उरलं नव्हतं. माझी एक कपबशी, नेमकी तुटक्या कानाची, शेवटून दुसऱ्या घरात पोचली होती. एक घर पुढं टाकली की वजीर. नाही टाकली, तर मॅडमचा ट्रक तिला चिरडणार आणि डाव माझा गेला. तिसरी चाल नव्हती.

गजेंद्रच्याही ते लक्षात आलं. "मॅडम! पाहा, पाहा! कपबशी निवडून आणून राह्यला! कॅमेऱ्यासमोर!"

"शांत बसा," मॅडम म्हणाल्या. पण नजर पटावरून हलली नाही.

माझा हात कपबशीवर होता आणि तो हलेना. उद्या हा व्हिडिओ गावभर फिरणार. 'सरकारी कर्मचाऱ्याच्या हातानं कपबशीचा विजय.' डोळ्यांपुढं वर्तमानपत्र आलं, बडे बाबू आले, रिकामी झालेली माझी खुर्ची आली. हात मागं घ्यावा. पडू द्यावी कपबशी. आजवर असे किती हात मागं घेतले, त्याची मोजदाद कुणी ठेवली आहे?

"चाला की हो!"

अख्खं कार्यालय दाराकडं वळलं. पुष्पांजली उभी होती. वर्गात मागच्या बाकावर आवाज पोचवायचा असतो, तो आवाज. "महिनाभर खपून केलंय आपण ते. काय व्हायचं ते होईल. चाला!"

मी चाललो.

कपबशी शेवटच्या घरात टेकवली, उचलून पटाबाहेर ठेवली आणि तिच्या जागी उडालेला भोंगा पुन्हा उभा केला. मॅडमनी बराच वेळ पटाकडं पाहिलं. मग आपला प्रवासी हळूच आडवा केला, पिशवीसकट.

"कपबशी उतरली!" गजेंद्र खुर्चीवरून उठला. "पाह्यलं ना सगळ्यांनी? पटावरून खाली उतरवली! यानं सोताच्या हातानं उतरवली!"

"उतरली नाही, वजीर झाली!" कोकिळाताई टाळी वाजवून ओरडल्या. "मेली नाही माही कपबशी, वर गेली! गावभर सांगतो मी!"

"सांगा, मीबी सांगतो!"

"म्हणजे दोघांचीही तक्रार राहिलेली नाही?" मॅडमनी विचारलं.

मग दोघांनीही, दुसऱ्यानं आपल्याआधी करू नये एवढ्या घाईनं, तक्रार मागं घेत असल्याची सही केली आणि आपापल्या माणसांना आनंदाची बातमी द्यायला दोन दारांनी बाहेर धावले.

मॅडमनी लेखनिकाला मजकूर सांगितला. सदर वस्तू खेळाचं साहित्य असल्याची खात्री करण्यात आली आहे, आचारसंहिता संपेपर्यंत दर्शनी भागात ठेवू नये, कारवाईची आवश्यकता नाही. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "खात्री बऱ्यापैकी सविस्तर झाली." आणि फायली पुन्हा पुढं ओढल्या.

खोकं पुष्पांजलीच्या मांडीवर आणि मी पुढं, अशी आमची स्कूटर निघाली. अंगातलं सगळं भय उतरलं होतं आणि त्याच्या जागी हळूहळू अभिमान भरत होता. अधिकाऱ्याला हरवलं! कॅमेऱ्यासमोर! माझ्यासारख्या माणसानं! बसस्टँड मागं पडलं तेव्हा मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "पाहिलंस ना डाव?"

"हो," ती मागून म्हणाली. "एक विचारू?"

"विचार की."

"ती कपबशी एवढी पुढं न्यायची गरजच काय होती? त्याच्या कितीतरी आधी, त्यांनी ट्रक डावीकडं नेला ना, तेव्हा तुमची बस त्या कोपऱ्यात टाकली असती तर तिथंच मात नव्हती का?"

मी हसलो. बुद्धिबळ हे काही भूमितीचं प्रमेय नाही, असं काहीतरी म्हणणार होतो. पण मनातल्या मनात पट मांडला. ट्रक डावीकडं. रिक्षा तिरकी रोखून बसलेली. प्रवाशाच्या पुढं त्याचीच कपबशी. बस दोन घरं सरळ, मग आडवी.

स्कूटर रस्त्याच्या कडेला घेऊन मी थांबलो.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"होती," मी म्हणालो.